तेराशे पासष्ट नंबर

चष्मेवाला गिऱ्हाइकाचे डोळे आधी बघत नाही. आधी नाक बघतो, मग कान. डॉक्टरांनी नंबर कितीही अचूक काढून दिला, तरी चष्मा शेवटी बसायचा नाकावर आणि टेकायचा कानांवर. महाद्वार रोडजवळच्या एका बोळात मी एकतीस वर्षं चष्मे केले. त्या काळात कोल्हापूरची किती नाकं माझ्या हाताखालून गेली याचा हिशेब नाही.

आता काचा मशीनवर घासलेल्या तयार येतात. आमच्या वेळी डॉक्टरांची चिठ्ठी आली की काच आम्हीच घासायचो. बाक दिलेली लोखंडी वाटी, त्यात एमरीची खरखरीत पावडर आणि पाणी, आणि वर काच. वाटीला जसा बाक तसा काचेला येतो. घासलेली काच धुरकट असते. सराफ सोन्याला लावतात ती रूज नावाची लाल पावडर लावून ती पारदर्शक करायची. नखं कायम तांबडी. लग्नात जेवायला बसलो की शेजारचा माणूस विचारायचा, पावणं, रंगाचं दुकान हाय का तुमचं?

नमुनेदार गिऱ्हाइकं पुष्कळ आली. एक नावाजलेले पैलवान दुपारी, रस्ता रिकामा असताना यायचे, कारण वस्तादाला चष्म्याचं कळू द्यायचं नव्हतं. त्यांचे कान तालमीच्या मातीत रगडून आल्याच्या गड्ड्यासारखे झालेले. चष्म्याची काडी अडकवायला जागाच नाही. मी काड्या काढून टाकल्या आणि डोक्यामागून बांधायचा पट्टा शिवून दिला. घरात कोंडून घेऊन ते त्या चष्म्यानं वर्तमानपत्र वाचत. असली कामं जमली की मला वाटायचं, आपल्याला न जमणारं गिऱ्हाईक नाही. तो माज नेर्लेकर सरांनी उतरवला.

नेर्लेकर सर एका हायस्कुलात चित्रकला शिकवत. मूळचे आजऱ्याचे, बिऱ्हाड शुक्रवार पेठेत. वय पंचेचाळिशीच्या आत-बाहेर, अंगानं किरकोळ, बोलणं हळू. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा ते पहिल्यांदा दुकानात आले. हातात मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती आणि तिच्यावर नंबरच नव्हता. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर ऐन मध्यावर व्रण पडलेला. चष्म्याचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं.

मी विचारलं, नेमकं होतं काय? ते म्हणाले, तुमच्या चेहऱ्याकडे बघायला गेलो की चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग येतो. तुमच्या मागच्या घड्याळाकडे बघितलं की तुम्ही कडेला दिसता, आणि मग घड्याळ जातं. बोलताना ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. नवख्याला वाटावं, माणसाचं आपल्याकडे लक्षच नाही.

मी त्यांना चष्मा विकला नाही. गिऱ्हाइकाला फसवायचं नाही, हा माझा बाणा होता आणि त्याचा मला अभिमान होता. महिन्याभरानं ते परत आले, एखादी जाड काच बघा म्हणाले. मी पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा आले तेव्हा चष्म्याचा विषयच काढला नाही. बाकावर बसले आणि म्हणाले, “गजाभाऊ, काच घासून दुर्बीण होते का हो?”

त्यांनी सगळं सांगितलं ते असं. शाळेनं त्यांना चित्रकलेच्या वर्गावरून काढून वाचनालयात बसवलं होतं. मुख्याध्यापक माणूस चांगला. पगार तोच ठेवला होता. पण पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचायलासुद्धा त्यांना शिपायाची मदत लागायची. संध्याकाळी ते माडीवर जाऊन बसत. तिथं त्यांच्या लक्षात आलं की ज्या चांदणीकडे बघावं ती विझते, पण आजूबाजूच्या सगळ्या लखलखीत राहतात. “आकाश एवढं मोठं आहे की कडेनं बघितलं तरी पुष्कळ उरतं,” ते म्हणाले.

डोळे चांगले होते तेव्हा शाळेतल्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून त्यांनी दीर्घिकांची चित्रं काढून वर्गात लावली होती. आपली आकाशगंगा म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा एक थवा. असे दुसरे थवे लांब आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. पुस्तक लिहिणारे थंड मुलखातले. त्यांच्या आकाशात उत्तरेच्या दीर्घिका नीट दिसत, त्यांची चित्रं होती. दक्षिणेतली एक मात्र नुसती यादीत होती. अश्मंत तारकासमूह, नंबर तेराशे पासष्ट. पुढे शेरा, मोठी आणि लांबट. चित्र नाही. ती त्या लोकांच्या क्षितिजाला चिकटलेली. आपल्याकडे मात्र थंडीत जेवणवेळेला दक्षिणेला चांगली वर येते.

सर म्हणाले, “चित्र नाही म्हणूनच मला ते काढायचंय. दुसऱ्याचं बघून नव्हे, माझ्या डोळ्यानं. जमलं तर मी अजून चित्रकलेचा मास्तर आहे. नाही जमलं तर मार्चमध्ये राजीनामा देतो.”

आमच्या धंद्यात सगळ्याला नंबर असतो, पण असला नंबर घेऊन कुणी आलं नव्हतं. दोनदा रिकाम्या हातानं परत पाठवलेला माणूस. शिवाय दोन इंचांपेक्षा मोठी काच घासायला मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. मी हो म्हटलं.

मोठ्या दुर्बिणीत भिंग नसतं, खोलगट आरसा असतो. जुन्या जहाजांच्या खिडक्यांच्या जाड काचा मुंबईच्या भंगारात मिळतात, तशा आठ इंच रुंदीच्या दोन मी मागवल्या. खालची पिंपावर पक्की बसवायची. तिच्यावर खरखरीत पावडर आणि पाणी, वर दुसरी काच. वरची पुढं-मागं सरकवायची आणि आपण पिंपाभोवती एकेक पाऊल फिरत राहायचं. यात चमत्कार असा की खालची काच फुगीर होत जाते आणि वरची आपोआप खोलगट. आठ इंचांच्या काचेला खोली हवी ती फक्त दीड मिलिमीटर, पण ती कुठंही चुकता कामा नये. दुकान बंद केल्यावर तास-दीड तास मी पिंपाला प्रदक्षिणा घालायचो. सर बाकावर बसून आवाज ऐकत. काही दिवसांनी त्यांना आवाजावरून कळायला लागलं, पावडर बदलायची वेळ झाली की तेच सांगत.

शेवटी राळेच्या थरावर घासून पॉलिश करताना कड जास्त घासली गेली. चिमणीचा उजेड सुईच्या भोकातून आरशावर सोडून आणि दाढीचं ब्लेड आडवं धरून ती चूक दिसते. दोनच पर्याय होते. चालवून घ्यायचं, किंवा तीन आठवड्यांचं काम पुसून मागं जायचं. सर म्हणाले, मला कुठं कळणार आहे, चालवून घ्या. मला ते लागलं. मी मागं गेलो.

चांदीचा मुलामा एका आरसेवाल्यानं चढवला. पहिल्यांदा पाणी वाईट निघालं आणि आरसा चहासारखा तांबडा झाला. दुसऱ्यांदा बॅटरीवाल्याकडचं शुद्ध पाणी आणलं. नळी आणि बैठक केली उद्यमनगरच्या बाबूराव मिस्त्रीनं. तो माझा शाळूसोबती, इंजिनाचे सुटे भाग ओतायचा. पहिल्यांदा त्यानं मला वेड्यात काढलं. अश्मंत म्हणजे भट्टी, हे सांगितल्यावर गडी विरघळला. “भट्टी व्हय? मग आपलीच हाय की ती,” म्हणाला, आणि जुन्या बेअरिंगवर अशी बैठक करून दिली की बोटानं ढकललं तरी नळी लोण्यासारखी फिरावी. नळीच्या टोकाला बघायचं भिंग बसवलं ते जुन्या बाजारातल्या एका लष्करी दुर्बिणीचं.

जानेवारीतल्या अमावास्येला बाबूरावच्या टेम्पोतून आम्ही पन्हाळ्याच्या पलीकडे मसाईच्या पठारावर गेलो. मी, बाबूराव, सर आणि मालतीवहिनी. या सरांच्या पत्नी. त्या आल्या कारण सरांना अंधारात एकटं सोडायला त्या तयार नव्हत्या. भाकरी, झुणका आणि ठेचा त्यांनीच आणला होता. दिवस मावळल्यावर जेवलो आणि आठाच्या सुमाराला दुर्बीण उभी केली. वाऱ्यानं कान बधिर झालेले.

नकाशा बघून शोधायचं काम माझं. डोळे दिपू नयेत म्हणून पतंगाच्या लाल कागदानं गुंडाळलेली बॅटरी, त्या उजेडात नकाशा, मग वर आकाश. अश्मंतात ठळक तारा एकही नाही. अंधूक ठिपक्यांवरून घसरत घसरत जायचं. पाऊण तास मी चुकत होतो. शेवटी एका जागी काहीतरी आलं. काच पुसण्याआधी आपण तिच्यावर तोंडानं वाफ सोडतो, ती विरता विरता जेवढी उरते तेवढंच. मी डोळे ताणून ताणून बघितलं. जितकं ताणावं तितकं ते नाहीसं होई.

बाबूरावनं बघितलं आणि म्हणाला, “मला कायबी दिसंना. काच पुसलीय न्हवं नीट?” वहिनींनाही काही दिसलं नाही.

मग सर बसले. त्यांनी डोळा भिंगाला लावला आणि सवयीनं नजर बाजूला नेली. बराच वेळ हलले नाहीत. मधून मधून मी नळी इंचभर सरकवायचो, कारण आकाश फिरतं आणि वस्तू निसटते. नंतर त्यांनी मांडीवर पाटी घेतली, तिच्यावर कागद, आणि पेन्सिल चालू केली. डोळा भिंगालाच, हात आपला कागदावर. मध्येच म्हणाले, “स्वस्तिक काढा आणि त्यातली उभी रेघ तिच्या हातांसकट पुसा. उरेल ती आडवी रेघ आणि तिच्या दोन टोकांचे दोन हात. हात फक्त गोलसर करा. असं आहे हे.” त्यांचा आवाज इतका मोकळा मी तोवर ऐकला नव्हता. परत येताना टेम्पोत ते आणि वहिनी काहीबाही बोलून हसत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडायच्या आधी ते दारात उभे. चित्र त्यांनी काउंटरवर ठेवलं. मधला दांडा, त्याच्या दोन टोकांतून निघून उलट दिशांना वळलेले दोन हात, त्यातला एक ठळक, एक फिका. सुरेख चित्र होतं. त्यांनी विचारलं, “गजाभाऊ, खरं सांगा. हे तिथं आहे?”

मी विचार करायला हवा होता. निदान, मला माहीत नाही, एवढं म्हणायला हवं होतं. पण माझा तो बाणा आडवा आला. माझे डोळे शाबूत, आरसा माझ्या हातचा, आणि मला वाफेपलीकडे काही दिसलं नव्हतं. मी म्हटलं, “सर, तिथं नुसता पुसट डाग होता. बाकीचं तुमच्या हातानं काढलंय, डोळ्यानं नव्हे.”

 ते बरं म्हणाले आणि चित्र तिथंच ठेवून गेले. मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि दोघं आजऱ्याला गेले, हे मला त्यांच्या घरमालकाकडून कळलं. मी स्वतःची समजूत घातली की खोट्या आशेपेक्षा खरं बरं. चित्र मात्र टाकवलं नाही. काचांच्या खणात तळाशी ठेवून दिलं. दुर्बीण बाबूरावच्या शेडमध्ये पडली आणि वर्षभरात तिच्या आरशाची चांदी काळी पडली.

चार वर्षं गेली. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे एक प्राध्यापक दुहेरी काचेचा चष्मा न्यायला आले. नवीन चष्मा घातला की गिऱ्हाईक हातात जे असेल ते वाचून बघतं. त्यांच्या हातात परदेशातून आलेलं एक मासिक होतं. त्यांनी ते काउंटरवर उघडलं, आणि पानभर फोटो. मधे दांडा, दोन टोकांना दोन हात. मी खाली छापलेला नंबर वाचला. तेराशे पासष्ट.

मी खणातून सरांचं चित्र काढलं. दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. हा आकार असा की उलटा केला तरी तसाच राहतो, पण एक हात ठळक आणि एक फिका, त्यावरून वर-खाली ओळखता येतं. मी मासिक उलटं फिरवलं. ठळक हात ठळकावर आला, फिका फिक्यावर.

प्राध्यापकांनी विचारलं, हे कुणी काढलं? मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, यात नवल नाही. डोळ्याचा मधला भाग बारीक अक्षर वाचायला तयार झालाय, अंधाराला तो निकामी. पुसट उजेड दिसतो तो कडेनं. आकाश बघणारे मुद्दाम नजर तिरकी करायला शिकतात आणि ते जमायला वर्षं जातात. तुमच्या सरांना दिवसरात्र दुसरा उद्योगच नव्हता. तो प्रकाश सहाएक कोटी वर्षं चालत आला होता, असंही ते सहज बोलून गेले. माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. डोळ्यांवर पोट भरणारा मी माणूस. मिट्ट अंधारात वाट शोधताना मी स्वतः कितीदा कडेनं बघितलं असेल. हे मला त्या सकाळी सुचू नये?

मासिक मी मागून घेतलं आणि त्या रविवारी आजऱ्याची एसटी धरली.

भावाच्या घराला लागून दोन खोल्यांत सर राहत होते. वहिनी दारातच भेटल्या. मी आलोय म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. हळू आवाजात म्हणाल्या, तुमच्याकडून आल्यापासून यांनी पेन्सिल हातात धरली नाही. भाताच्या कणगीजवळ बसून असतात. आता बरे आहेत, परत काही काढू नका.

मी म्हटलं, वहिनी, मी चूक झाली ते सांगायला आलोय.

सर आत सोप्यावर होते. माझा आवाज ओळखून उठले, चहा सांगितला, बाबूरावची चौकशी केली. मी मासिक आणि चित्र शेजारी शेजारी ठेवलं आणि काय घडलं ते सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, “मालू, तू बघ.” माझ्यावर त्यांचा विश्वास उरला नसेल तर त्यात गैर काहीच नव्हतं.

वहिनी खाली बसल्या. एकदा फोटो, एकदा चित्र, असं बोट फिरवत त्यांनी सावकाश बघितलं. “सारखंच आहे हो,” त्या म्हणाल्या. “हा हातसुद्धा तसाच फिका आहे.”

 मी म्हटलं, “सर, माझं चुकलं. तुमची चार वर्षं माझ्यामुळे गेली.”

ते म्हणाले, “तुम्ही दिसलं तेवढं बोललात. मी माझ्या डोळ्यापेक्षा तुमच्या डोळ्यावर भरवसा ठेवला. ती चूक माझी.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “पण ती पुसट डागाची गोष्ट तुम्ही जरा हळू सांगायला हवी होती.” एवढंच. त्याहून जास्त ते मला कधी बोलले नाहीत, आणि मला ते पुरलं.

मग त्यांनी कागद मागितला. घरात कागद नव्हता. वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडून दिलं, शेजारच्या घरून पेन्सिल आणली आणि त्या कणगीशेजारच्या आतल्या दारात उभ्या राहिल्या. सरांनी पान उलटं करून मांडीवर घेतलं. मान वळवली ती कणगीकडे. पेन्सिल चालू झाली. मला वाटलं, कणगी काढतायत. वहिनींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या तशाच दाराला टेकून बघत राहिल्या.

पंधरा मिनिटांनी पान माझ्या हातात दिलं. त्यात दार होतं आणि दारात एक बाई. नाक-डोळे धड नव्हते, नुसती सावली होती. पण एक हात चौकटीवर, दुसरा कमरेवर दाबलेला, सगळा भार डाव्या पायावर. बघणाऱ्याला दुखावं असं तिचं उभं राहणं होतं. मी पान वहिनींकडे दिलं.

त्या बघतच राहिल्या. मग स्वतःच्या कमरेवरचा हात त्यांनी पटकन खाली घेतला.

“कंबर दुखते हे मी कुणालाच सांगितलं नाही,” त्या म्हणाल्या. “यांना कुणी सांगितलं?”

सर अजून कणगीकडेच बघत होते. म्हणाले, “कुणी कशाला सांगायला पाहिजे? दिसतंय की.”